व्याह्यांनी विचारलं, धनुष्य की बंदूक

लेकीचा फोन आला तेव्हा मी दुबई मरीनातल्या एका टॉवरमध्ये, परक्या बाईंच्या बाथरूममध्ये उभा होतो. फॉल्स सीलिंगमधून पाणी ठिबकत होतं. आमचा प्लंबर शिडीवर चढून आत टॉर्च मारत होता आणि त्या बाई दारात उभ्या राहून मला ऐकवत होत्या की असं पुन्हा झालं तर त्या भाडं थांबवणार. मी त्या टॉवरचा मेंटेनन्स मॅनेजर. एसीचे चिलर, लिफ्ट, पंप, गळती आणि लोकांचा राग, सगळं माझ्याच अंगावर येतं. फोन खांद्याशी धरून मी म्हटलं, "बोल गं, पण पटकन."

"बाबा, क्विक क्वेश्चन. बो ऑर शॉटगन?"

"काय?"

"फॉर टर्की. ही नीड्स टु नो."

मला वाटलं पोरगी तुर्कस्तानला निघालीय. "तिकडचा व्हिसा बघितलास का?" मी म्हटलं. पलीकडून हसणं आलं. "बाबा, द बर्ड! टर्की, द बर्ड. मी संध्याकाळी फोन करते, आईला पण बसव."

एवढ्यात प्लंबर शिडीवरून म्हणाला, "साहब, पाइप नहीं, जॉइंट गया है," आणि मी फोन खिशात टाकला.

लेक शिकायला म्हणून अमेरिकेला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. वर्षभरापूर्वी तिने सांगितलं की लग्न करायचंय, मुलगा तिथलाच आहे, गोरा, तिच्या ऑफिसातला. आम्ही दोघं नवरा-बायको आठवडाभर एकमेकांशी कमी बोललो आणि मग हो म्हणालो. मुलगा व्हिडिओवर बरा वाटला. त्याची आई काही वर्षांपूर्वी गेली. वडील तिकडे आतल्या भागात, शहरापासून लांब, शेतावर एकटे राहतात. मक्याची शेती आणि मागे जंगल. एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी तिकडे जायचं, व्याह्यांना भेटायचं, त्यांच्या घरी चार दिवस राहायचं आणि लग्नाचं ठरवायचं, इथपर्यंत बोलणं झालं होतं.

मरीनातून शारजाला घरी पोचायला त्या दिवशी दोन तास लागले. रोजच लागतात. मी बाहेरच्या रस्त्याने येतो. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पपाशी कामगारांच्या बस आत वळायला लागल्या की सगळे रस्ते तुंबतात. खिडक्यांना डोकी टेकवून झोपलेली माणसं शेजारून सरकत राहतात आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्या झोपेचा हेवा करतो. घरी आलो तेव्हा बायकोने ताटं वाढली होती आणि टॅबलेट मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता.

लेकीने सगळं नीट सांगितलं. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला शिकारीला बोलावलं होतं. वसंतात त्यांच्या जंगलात रानटी टर्की असतात. नरांची शिकार करायला सरकारी परवाना मिळतो, तो त्यांचा मुलगा काढून देणार होता. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी धनुष्य घेणार की छऱ्याची बंदूक.

"आपल्यात व्याह्यांना आहेर करतात," बायको म्हणाली. "पक्षी मारायला नेत नाहीत."

"आई, लिसन. ही डझंट टॉक. म्हणजे माणूस खूप चांगला आहे, पण बोलतच नाही. कुणाशी ओळख करून घ्यायची असली की ही टेक्स देम हंटिंग. दॅट्स ऑल ही नोज."

मी म्हटलं, "अगं, मी कोंबडीसुद्धा कापलेली आणतो."

"आय नो, बाबा. बट ही आस्क्ड. त्यांनी स्वतःहून विचारलं."

मला त्या क्षणी एवढं दमायला झालं होतं की नकार देण्याचीही ताकद नव्हती. नकार द्यायचा म्हणजे कारण सांगावं लागतं, कारण इंग्रजीत सांगावं लागतं, मग ते लेकीने तिकडे पोचवायचं, मग त्यांनी वाईट वाटून घ्यायचं किंवा वाईट वाटलं नाही असं दाखवायचं. त्यापेक्षा हो सोपं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

बंदुकीशी माझी ओळख इतकीच, की कोकणात आमच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरायची म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. ती दारामागे खुंटीला टांगलेली असायची आणि निवडणूक आली की काका ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. त्यांनी ती डुकरावर झाडलेली मी कधी पाहिली नाही. हवेत एक बार काढायचे आणि रात्रभर खोकत बसायचे. धनुष्य तर मी लहानपणी बांबूचं केलेलं, तेवढंच.

शनिवारी आम्ही दोघं शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबवर गेलो. आजूबाजूला वाळू, मध्ये हिरवळ, फटफट आवाज. तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवून त्यांच्यावर छऱ्याची बंदूक चालवायला शिकवतात आणि पलीकडच्या बाजूला धनुर्विद्येचं मैदान आहे. बायकोने काउंटरवरचा दर वाचला, मनात रुपये केले आणि मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली, "एवढ्यात गावाला जाऊन येता येईल." मग ती थर्मास घेऊन सावलीतल्या बाकावर बसली.

बंदूक शिकवणारे पेशावरकडचे होते, वयाने माझ्याहून थोडे मोठे. पांढरी दाढी, कानावर लाल इअरमफ. मी काय ठरवायला आलोय ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते अजिबात विचित्र मानलं नाही.

"टर्की बैठा होगा या उड़ता?"

"जमीन पे चलता है, ऐसा सुना है."

"तो आसान है. सिर्फ़ बैठना मुश्किल है," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातात लहान नळीची, हलक्या काडतुसांची बंदूक दिली. "कंधे से चिपका के रखो भाईजान. दूर रखोगे तो मारेगी."

मी चिपकवली, तरी तिने मारलं. पहिल्या बाराला माझे दात एकमेकांवर आपटले. तबकडी आरामात उडत जाऊन वाळूत पडली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मग त्यांनी माझी कोपरं थोडी खाली केली, पुढच्या पायावर वजन टाकायला लावलं आणि म्हणाले, "यल्ला, फिर से." पुढे केव्हातरी एक तबकडी हवेतच फुटली. नारंगी भुगा खाली आला. माझ्या तोंडून आपोआप "अरे वा!" निघालं आणि मी वळून बायकोकडे बघितलं. ती फोनवर बहिणीशी बोलत होती.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत मी ठरवलेली एखादी गोष्ट तिथल्या तिथे घडली नव्हती. टॉवरमध्ये एक जॉइंट बदलायचा तर तीन सह्या लागतात.

धनुष्याकडे मात्र माझी पंचाईत झाली. गेल्या वर्षीपासून माझा डावा खांदा आखडलेला आहे. शर्टची बाही घालतानाही आई आठवते. धनुष्य शिकवणारी एक फिलिपिनो मुलगी होती, हसरी, अंगाने बारीक. तिने पुलीवालं आधुनिक धनुष्य दाखवलं, दोरी स्वतः ओढून धरली, आणि शांतपणे सांगितलं की पाखरू वीस पावलांवर येईपर्यंत थांबावं लागतं, मग त्याला न दिसता हात सरळ पुढे करून दोरी मागे ओढावी लागते, आणि टर्कीची नजर फार तेज असते. म्हणून धनुष्यवाले तंबूत लपून बसतात. बंदूकवाले नुसते झाडाला टेकून बसले तरी चालतं.

मी डावा हात सरळ केला. अर्ध्यावर गेला आणि थांबला. तिने आणखी हलकं धनुष्य आणलं. मग आणखी हलकं. शेवटी जे आणलं त्यावर कार्टूनचे स्टिकर होते. तेही मी छातीपर्यंत ओढलं आणि कळ मानेत गेली. बाण सुटला तो समोरच्या गवतात झोपला.

"सर, मे बी शॉटगन," ती मुलगी म्हणाली.

घरी आल्यावर बायकोने खांद्याला बाम चोळला. एका खांद्यावर बंदुकीने काळानिळा डाग उठवलेला, दुसरा आधीच आखडलेला. "दोन्ही बाजूंनी शिकार झालीय तुमची," ती म्हणाली. मग बामच्या बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "अहो, नाही म्हणून टाका ना. माणसाला कळतं."

"पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय त्यांनी."

"मागितलं कुठे? विचारलंय."

"तेच."

पुढचे काही शनिवार मी क्लबवर गेलो. आठवडाभर टॉवर, रस्ता, टॉवर, रस्ता. उन्हाळ्याच्या आधी सगळे चिलर उघडून साफ करायचे असतात, तेव्हा फोन चोवीस तास चालू. शनिवारी तरी झोपावं असं वाटायचं. पण मी उठायचो, वाळूत उभा राहायचो आणि तबकड्यांवर बार काढायचो. पाचातली एक फुटायची. पठाण गुरुजी म्हणायचे, "इन्शाल्ला हो जाएगा," आणि खुर्चीत बसून डोळे मिटायचे. मला वाटतं तेही दमलेलेच होते.

तरी मी लेकीला उत्तर कळवलं नव्हतं. बंदूक म्हणणं सरळ होतं, पण होणाऱ्या जावयाने मध्येच सांगितलं होतं की त्यांच्या घरात मूळचं धनुष्यच, बंदूक फारशी वापरत नाहीत. मग मला वाटायला लागलं, बंदूक म्हटलं तर त्यांना ते हलकं वाटेल. आमच्याकडे व्याह्यांचं मन म्हणजे केवढं मोठं प्रकरण. पानात वाढलेलं कमी पडलं म्हणून वीस वर्षं न बोललेले व्याही मी पाहिलेत. मी खांद्यासाठी डॉक्टरकडे गेलो आणि विचारलं, एप्रिलपर्यंत हात वर जाईल का? डॉक्टर केरळी, तरुण. म्हणाला, व्यायाम करा, पण कशासाठी हवाय? मी म्हटलं, धनुष्य. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदाकडे बघितलं.

शेवटी मीच लेकीला म्हटलं, मला त्यांच्याशी थेट बोलू दे.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ फोन लागला. तिकडे सकाळ होती. व्याही स्वयंपाकघरात बसले होते, डोक्यावर टोपी, हातात मोठा मग. रुंद चेहरा, उन्हाने तांबडा झालेला. आम्ही दोघांनी नमस्कार-हॅलो केलं आणि तिथेच अडलो. माझं ऑफिसातलं इंग्रजी म्हणजे गळती आणि बिलं. त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळत होतं. बायको फोनच्या कडेला, दिसणार नाही अशी बसून मला कोपराने ढोसत होती.

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं. धनुष्य की बंदूक."

"हो."

"तुम्ही मला काय सांगाल?"

त्यांनी हातातला मग खाली ठेवला. "बंदूक सोपी," ते म्हणाले. "झाडाला पाठ लावून बसायचं, नळी गुडघ्यावर ठेवायची. चाळीस यार्डांपर्यंत चालतं. धनुष्याला तंबू लागतो, जवळ येऊ द्यावं लागतं, आणि चुकलं तर पक्षी जखमी होऊन जातो. मला ते आवडत नाही."

"पण तुम्ही स्वतः धनुष्य वापरता असं ऐकलं."

"मी नाही. माझी बायको." ते उठले, फोन हातात घेऊन चालत गेले. चित्र हललं, एक जिना दिसला, एक दार. मग भिंतीवर टांगलेलं हिरवट धनुष्य दिसलं. पुलीवालं, क्लबमधल्यासारखंच, पण लहान. "हे तिचं. ती या घरातली शिकारी होती. मी तिच्याबरोबर जाऊन बसायचो आणि शेवटी शेवटी मीही हे ओढायचो, तिचे हात चालेनासे झाले तेव्हा. ती गेल्यापासून कुणी काढलेलं नाही. तुम्ही घरी येणार, म्हणून म्हटलं तुम्हाला द्यावं. पाहुण्याला घरातली चांगली वस्तू द्यावी."

बायकोने मला ढोसणं थांबवलं.

सुचलं ते खरं होतं म्हणून तेच बोललो. "माझा डावा हात वर जात नाही," मी म्हटलं. "मी इथे जाऊन बघितलं. मुलांचं धनुष्यही मला ओढता आलं नाही." आणि पुरावा म्हणून मी हात वर करून दाखवला. तो नेहमीसारखा अर्ध्यावर थांबला.

त्यांनी तो अडकलेला हात बघितला. मग म्हणाले, "मग बंदूक."

"बंदूक."

"ठीक," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे खाली आले. मी ते स्पष्ट पाहिलं. धनुष्य द्यायची त्यांची तयारी होती, पण ते भिंतीवरच राहणार म्हणून त्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. फोन ठेवल्यावर बायको पदराने डोळे टिपत उठली आणि त्यांच्यासाठी न्यायला बेसनाचे लाडू करायचे की चिवडा, यावर बोलायला लागली.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. टॉवरचं काम मी हाताखालच्या माणसाला समजावून दिलं, तरी विमानात बसेपर्यंत फोन वाजत होता. दोन विमानं आणि तीन तासांची गाडी करून पोचलो. अंगाचं नुसतं पीठ झालं होतं. व्याही दारात उभे होते. हात मिळवला, बायकोला मान लववून नमस्कार केला, तो बहुतेक लेकीने शिकवला असावा. लाडूचा डबा त्यांनी उघडून लगेच एक खाल्ला आणि "गुड" म्हणाले. त्या संध्याकाळचं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य तेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं जंगलात गेलो. थंडी इतकी की मी त्यांच्या मुलाची दोन जाकिटं घातली होती. ठिपकेदार कपडे, तोंडावर जाळी. बायकोला माझी ओळख पटेना. एका जाड बुंध्याला पाठ लावून आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्यांनी बंदूक माझ्या गुडघ्यावर नीट टेकवून दिली, चाप दाखवला, त्यावरून माझं बोट काढून बाजूला ठेवलं. मग खिशातून लाकडाची एक चपटी डबी काढली आणि झाकण घासून मादीचा आवाज काढला. लांबून, झाडीतून, नराने उत्तर दिलं. खळखळून हसल्यासारखा आवाज.

मग काहीच झालं नाही. उजाडलं. पानांवरून थेंब पडत होते. फोनला रेंज नव्हती. कुणी मला काही विचारत नव्हतं. मी समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. माझं डोकं व्याह्यांच्या खांद्यावर होतं. माझ्या अंगावर तिसरं जाकीट होतं, त्यांचं. बंदूक माझ्या मांडीवर नव्हती. त्यांच्या पलीकडे बुंध्याला टेकवलेली होती, काडतुसं काढून. ते स्वेटरवर, हात काखेत घालून, अजिबात न हलता बसले होते.

मी धडपडून सरळ झालो. "आला का?" मी विचारलं.

"आला होता," ते म्हणाले. त्यांनी हाताने जागा दाखवली. फार तर पंधरा पावलं. "मोठा नर. पिसारा फुलवून उभा होता, बराच वेळ. मग गेला."

"मला उठवायचं ना!"

त्यांनी जाळी खाली ओढली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही फार दमलेले दिसलात," ते म्हणाले.

मला लाज वाटली का, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. त्यांनी मला तेवढा वेळ दिला. मग हात धरून उठवलं, उजवा, आणि आम्ही परत निघालो. वाटेत त्यांनी मला टर्कीच्या पायाचे ठसे दाखवले, तीन बोटांचे, चिखलात. एक पीस सापडलं, तपकिरी, कडेला तांब्यासारखी चमक. ते त्यांनी माझ्या जाकिटाच्या खिशात खोचलं.

अंगणात लेक आणि बायको उभ्या होत्या. "एनी लक?" लेकीने ओरडून विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात व्याही म्हणाले, "पक्षी आलाच नाही आज." आणि बंदूक घेऊन ते सरळ घरात गेले, अंडी फोडायला.

दुपारी मी बायकोला खरं काय ते सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग उद्या?"

"उद्या पण जायचंय," मी म्हटलं.

गेलो. राहिलेल्या सगळ्या सकाळी गेलो. एकदाही बार काढला नाही. एकदा ते झोपले आणि मी जागा राहिलो.